टाकीवाल्याची झाडं

९ जानेवारी

झाडवालीने पहिल्याच दिवशी बजावलं, "कामाच्या वहीत दिसलं तेवढंच लिहायचं. वाटलं ते नाही." मग वाटलं ते कुठे लिहायचं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "घरी." म्हणून ही डायरी. आयुष्यात पहिल्यांदाच.

कोण, कुठला ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना चाचपडायला नको. मी कारखान्यात टाक्या सांभाळायचो. माणसापेक्षा उंच, पोलादाच्या, आरशासारख्या लखलखीत. आत कोमट पाण्यात प्राण्यांच्या पेशी वाढायच्या आणि त्या पेशी एक एन्झाइम तयार करायच्या. काही माणसांच्या शरीरात ते एन्झाइम जन्मतःच धड नसतं. मग एक प्रकारची चरबी मोडलीच जात नाही, प्लीहेत, यकृतात, हाडांत साचत जाते. अशा माणसांना ते सलाईनमधून द्यावं लागतं, दर पंधरवड्याला, जन्मभर. माझी ताई त्यांतली एक. आई-वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी त्याच कारखान्यात लागलो तो काही योगायोग नव्हता.

गेल्या वर्षी टाक्यांत विषाणू शिरला. चूक कोणाचीच नव्हती, पण सगळ्या टाक्या रिकाम्या करून धुवाव्या लागल्या आणि अजून धुणं चालूच आहे. ताईला सध्या निम्माच डोस मिळतो. तेच एन्झाइम झाडांच्या पानांत करून बघायचा एक प्रकल्प कंपनीने केव्हापासून बाजूला चालवला होता, तो आता एकदम पुढे आला. प्राण्यांवर तपासून झालंय. आता माणसांवरच्या चाचणीपुरतं औषध तयार करायचं आहे. मला तिकडे पाठवलंय.

तिथली प्रमुख माझ्यापेक्षा बरीच लहान, वनस्पतिशास्त्रात मुरलेली, दिवसभर रबरी बुटांत वावरणारी. ओळख करून दिल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही टाकीवाले." तेव्हापासून ती झाडवाली. मनातल्या मनात, अर्थात.

१४ जानेवारी

आज जे पाहिलं ते ताईला सांगताना मी दोनदा उभा राहिलो, एवढं मला बसवेना.

झाडं तंबाखूच्या लांबच्या भावकीतली. पानं मऊ, थोडी केसाळ, देखणी म्हणावीत अशी नाहीत. ट्रेमधली झाडं जाळीने आवळून चक्क उलटी करायची आणि मुंडकं खाली असं पाण्यात बुडवायची. पाण्यात मातीतला एक जीवाणू असतो. याला मूळचीच खोड आहे, आपलं जनुक झाडात घुसडायचं. त्याची रोग पाडायची ताकद काढून घेतलीय आणि त्याच्या हाती माणसाचं जनुक दिलंय. मग झाकण लावून आतली हवा खेचायची. पानांतून बुडबुड्यांचा लोंढा निघतो, सगळं झाड फेसाळतं. आणि हवा परत सोडली की एका क्षणात पानं ते पाणी पिऊन टाकतात. बाहेर काढल्यावर काळपट, काचेसारखी दिसतात, जणू उकडून काढलीत.

"मेली?" मी विचारलं.

"टाकीवाले, उद्या या," झाडवाली म्हणाली.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडाला काय वाटत असेल रे?" मी म्हटलं, झाडाला काही वाटत नाही. ती म्हणाली, "तू विचारलंस?"

१५ जानेवारी

नाही मेली. उभी आहेत, हिरवी. काल काही झालंच नाही असा चेहरा करून.

२ फेब्रुवारी

ताईच्या गुडघ्यात पुन्हा ठणका. दंडावर एक निळा डाग दिसला. कुठे आपटलीस विचारलं, तर म्हणाली दाराला. प्लेटलेट घसरल्या की असे डाग उठतात, हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. उगाच दाराचं नाव.

ताई घरी बसून छापायच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. डोळ्यांचं काम. तिचा चष्मा आज सैल झाला म्हणून ती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांकडे जाऊन आली. गुडघा दुखत असताना कशाला गेलीस, मी नेला असता, म्हटलं. म्हणे, "नाकावर बसवून बघावा लागतो. तुझ्या नाकावर बसवणार होते का?"

२० फेब्रुवारी

पहिली पानं कापली, दळली, गाळली. हिरवागार रस, त्यातून गाळता गाळता शेवटी पाण्यासारखं काहीतरी. त्यात एन्झाइम आहे! थोडं, पण आहे. मी टाक्यांजवळ एवढी वर्षं काढली, पण पानातून ते निघताना पाहून आकडा पुन्हा पुन्हा तपासला. वहीत लिहिलं: "एन्झाइम आढळलं."

आज झाडवालीने मला एक गोष्ट समजावली आणि मी दिवसभर तीच घोळवतोय. प्रथिनाला साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. त्यांच्या टोकाला कोणती साखर आहे हे बघून शरीरातल्या पेशी ते आत घेतात. टाकीतल्या पेशी चुकीचं टोक लावायच्या, ते आम्ही नंतर कातरून काढायचो, मोठं किचकट काम. झाडाच्या पेशीत मात्र एक मोठी पिशवी असते, कोठीच्या खोलीसारखी. प्रथिनाला त्या कोठीत जायला सांगितलं की झाड ते टोक स्वतःच कातरतं! आम्ही एवढी यंत्रं लावून जे करायचो ते हे केसाळ पान बसल्या जागी करतं.

"मग अडचण काय?" जेवताना ताईने विचारलं.

मी सांगितलं, की झाड आपल्याही एक-दोन साखरा लावतं. माणसाच्या शरीराला त्या अनोळखी. काहींना पुरळ येऊ शकतं, थंडी वाजू शकते, क्वचित त्याहून जास्त.

"पुरळ म्हणजे खाजतं का नुसतं?"

"खाजतं."

"आणि थंडी किती वेळ?"

ती प्रत्येक गोष्ट अशी टोकापर्यंत विचारते. माझं काम तिला एवढं आवडतं हे बघून बरं वाटतं. बिचारीला घरात दुसरं काय आहे.

११ मार्च

सगळं मुसळ केरात. एन्झाइम भरपूर निघतंय, पण तुकडे झालेलं. तपासणीच्या पट्टीवर एक ठसठशीत रेघ यायला हवी, तिथे खाली पाच-सहा फिकट रेघा. कोणीतरी कात्रीने कापल्यासारखं. अशाचं औषध होत नाही.

झाडवाली म्हणाली, दळताना गरम होत असेल. बर्फात दळलं. तेच. मग म्हणाली, गाळायला उशीर होत असेल. पळत पळत गाळलं. तेच.

"टाकीत असं व्हायचं नाही," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"टाकीत विषाणू व्हायचे," ती म्हणाली.

दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

२९ मार्च

ताईचा चष्मा पुन्हा सैल. या महिन्यात तिसऱ्यांदा की चौथ्यांदा. आज मला चिंता वाटली. चष्मा सैल होतोय की तिचा चेहरा सुकतोय? की नजर बदलतेय आणि ती मला सांगत नाही? या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यांवरही परिणाम होतो. ताईचा तो प्रकार नाही, पण खात्री कोणी द्यावी.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डोळ्यांचा काही संबंध नाही. मग म्हणाल्या, "तुमच्या ताई परवाच आल्या होत्या, छान दिसत होत्या." परवा? परवा सलाईनचा दिवस नव्हता. बहुधा त्यांचा दुसऱ्या कोणाशी घोळ झाला असेल, इतके रुग्ण असतात.

६ एप्रिल

आज सरळ चष्मेवाल्यांच्या दुकानात गेलो. एकदा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून. साठीचे गृहस्थ, डोक्यावर पांढरे केस, समोर काचेखाली फ्रेमा ओळीने. एका बारीक पेचकसाने काहीतरी करत होते. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा चष्मा दर आठवड्याला सैल होतो. असा कसा बसवता तुम्ही?"

त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला. तो उचलायला वाकले ते बराच वेळ वर येईनात. मग लालबुंद होऊन म्हणाले, "दोष माझाच आहे. सर्वस्वी माझा."

"मग घट्ट बसवा ना एकदाचा."

"बसवतो," ते म्हणाले. "त्यांनी परवानगी दिली की लगेच."

भला माणूस. आपली चूक इतक्या चटकन कबूल करणारा दुकानदार मी पाहिला नव्हता. माझ्याकडून काही घ्यायला तयार नव्हते, उलट चहा पाजला. हे सगळं झाडवालीला सांगितलं (आम्ही आता पुन्हा बोलतो), तर ती बर्फाच्या पेटीला टेकून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. काय झालं विचारलं, तर हात हलवून "काही नाही, काही नाही" म्हणाली.

२२ एप्रिल

सापडलं!

आणि सापडलं ते माझ्या टाकीच्या सवयीने. टाकी नीट ढवळली जाते का, हे बघायला आम्ही वरून, मधून आणि तळातून वेगवेगळा नमुना घ्यायचो. इथे सगळं झाड एकत्र दळतात. काल सहज, हाताला जुनं वळण म्हणून, मी एकाच झाडाची वरची, मधली आणि खालची पानं वेगळी दळली. आज पट्टी पाहिली. वरच्या पानांत एकच रेघ, सरळ, काळीभोर. मधल्यांत थोडी धूसर. खालच्यांत तुकडेच तुकडे.

झाडवालीला बोलावलं. तिने पट्टी उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. मग कपाळावर हात मारून घेतला.

"म्हातारी पानं!" ती म्हणाली. "झाड खालची पानं मोडीत काढतं हो. त्यांतली प्रथिनं तोडून, तो माल वर नव्या पानांना पाठवतं. त्यासाठी तिथे कात्र्या भरून ठेवलेल्या असतात. आपण ते एकत्र दळलं की त्या कात्र्या सगळीकडे सुटतात. हे मला माहीत आहे. मी मुलांना शिकवलंय हे!"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणूनच तुम्ही वेगळी दळलीत."

आता बुडवण्याआधीच खालची पानं खुडून टाकायची. एवढंच. एवढंसं काम आणि त्यासाठी आम्ही सहा आठवडे एकमेकांना टोमणे मारत होतो.

घरी येऊन ताईला सांगितलं. मिठी मारली तिने. मग मी विचारलं प्लेटलेट किती आल्या, तेव्हा तिचा चेहरा उतरला. कमी आल्या असणार. मी विषय वाढवला नाही.

१८ मे

पहिली स्वच्छ खेप. बाटल्यांच्या तळाशी पांढरी पूड, एवढ्या सगळ्या हिरव्या डोंगरातून. झाडवाली प्रत्येक बाटली हातात घेऊन बघत होती. मी म्हटलं, "यात हिरवं कुठे गेलं?" तर म्हणाली, "तेच बघतेय."

१० जून

खेप सगळ्या तपासण्यांतून सुटली. आता हॉस्पिटल स्वयंसेवक निवडणार. ज्यांना हा आजार आहे आणि जे जुनं औषध थांबवून हे घ्यायला तयार आहेत, असे.

ताईला आजच सांगून ठेवलं, "तू यात पडायचं नाही. पहिल्या खेपेत काय होईल सांगता येत नाही. टाक्या सुरू होतील थोड्या महिन्यांत, तोवर निम्म्यावर काढू."

ती प्रुफं तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "काढू म्हणजे कोण कोण काढणार?"

"आपण."

"अस्सं," म्हणाली आणि लाल पेनाने समासात काहीतरी दुरुस्त केलं. ऐकलं म्हणायचं.

३ जुलै

ताई दाताच्या डॉक्टरकडे जाते हल्ली. दात दुखतो म्हणे. एकदा दोन तास लागले. घरी आली तर हाताच्या आत, कोपराजवळ, कापूस चिकटलेला. दातासाठी रक्त कशाला घेतात? मी विचारलं. म्हणाली, हल्ली सगळेच घेतात. खरं आहे, हल्ली उगाच तपासण्या करायला लावतात.

आणि गुणगुणते. सकाळी चहा करताना, अगदी हलक्या आवाजात. दुखणं विसरायला माणूस असं करतं. ऐकून मला कसंतरी होतं.

१९ ऑगस्ट

आज अपमान झाला. चाचणीच्या बाटल्या खोक्यांत भरत होतो, तेवढ्यात झाडवाली आली आणि म्हणाली, "टाकीवाले, आजपासून तुम्ही या खोक्यांना हात लावायचा नाही."

"का?"

"नियम आहे."

"इतके दिवस नव्हता?"

"इतके दिवस लागू होत नव्हता."

मागच्या आठवड्यात माझ्या हातून एक रिकामं खोकं पडलं होतं, रिकामं! त्यावरून हे. मी म्हटलं तसं. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं ती पानावरच्या किडीकडे बघते, बारकाईने आणि थोडं कीव आल्यासारखं. म्हणाली, "घरी बोलता का तुम्ही एकमेकांशी?"

"भरपूर," मी म्हटलं.

"मग आज जरा ऐका."

२० ऑगस्ट

काल ऐकलं.

संध्याकाळी घरी गेलो तर टेबलावर तीन कप. चष्मेवाले बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, कोणाच्या तरी मुलाखतीला आल्यासारखे ताठ. ताई म्हणाली, "ढब्बू, बस." ढब्बू म्हणजे मी. हे नाव ती फक्त गंभीर प्रसंगी काढते.

दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तिने चाचणीत नाव दिलंय. मार्चमध्येच डॉक्टरीणबाईंशी बोलली होती. दाताचा डॉक्टर वगैरे सगळं हॉस्पिटलच होतं. स्वयंसेवकाच्या घरच्या माणसाने औषधाला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून ती खोकी. दुसरी, चाचणीचे पहिले काही डोस पार पडले की ती यांच्या घरी राहायला जाणार. दोन गल्ल्या पलीकडे. लग्न करून.

मी आधी कोणत्या गोष्टीवर चिडावं ते कळेना. औषधावर चिडलो. "मी स्वतः सांगितलं होतं, नको म्हणून! कोणाला काय होईल मला माहीत नाही, आणि मी ते बनवतो!"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "तू जानेवारीपासून रोज येऊन सांगतोयस. उलटी झाडं, बुडबुडे, म्हातारी पानं. आणि मला वाटायला नको, की हे माझ्या अंगात गेल्यावर काय होतं ते बघावं? उत्सुकता काय तुझ्या एकट्याच्या नावावर लिहून दिलीय?"

"आणि मला का नाही सांगितलं? यांचं तरी?"

तिने कप बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाली, "तू घरी आलास की पहिला प्रश्न काय असतो?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं.

"प्लेटलेट किती," ती म्हणाली. "दुसरा, दुखतंय का. तिसरा, औषध घेतलंस का. चौथा कधी येतच नाही. मी वाट बघितली रे. मनाशी ठरवलं होतं, एकदा जरी विचारलंस की आज काय केलंस, तर सांगून टाकेन."

चष्मेवाले कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "चष्मा कधीच सैल नव्हता. मी पहिल्यांदाच नीट बसवला होता." आणि पुन्हा लाल झाले.

मी उठून माझ्या खोलीत गेलो. अजून धड बोललेलो नाही. मला राग आलाय असं वाटतं, पण आज ट्रे भरताना लक्षात आलं, की रागापेक्षा लाजच जास्त आहे.

१५ सप्टेंबर

आज ताईला पहिला डोस. मला हॉस्पिटलात यायला बंदी. चष्मेवाले गेले बरोबर.

मी कामावर आलो आणि काही सुधरेना. झाडवालीने मला बी पेरायला बसवलं. ती बी म्हणजे नुसती धूळ, श्वास सोडला तर उडते. तोंड बंद ठेवूनच पेरावी लागते. बहुधा म्हणूनच बसवलं.

दुपारी फोन आला, मला नाही, तिला. तिने दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा चेहरा सांगत होता. एका स्वयंसेवकाला पुरळ आलं आणि थंडी भरली. सलाईन थांबवलंय. स्वयंसेवकांना नावं नसतात, आकडे असतात, त्यामुळे कोण ते तिलाही ठाऊक नाही. "आणि असलं तरी मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तुम्हाला आज लवकर घरी जायला कोणी अडवलेलं नाही."

धावतच गेलो. ताई कोचावर, दोन्ही हात पुढे केलेले, लाल, गांधीलमाशा चावल्यासारखे. चष्मेवाले तिच्या हातांवर ओला रुमाल फिरवत होते.

"मीच ती," ताई म्हणाली. आणि हसली! "तू म्हणाला होतास ना खाजतं. नुसतं खाजत नाही, आधी गरम होतं, मग खाजतं. लिहून घे, डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं मी. थंडी अर्धा तास. त्यांनी इंजेक्शन दिलं, ओसरली. मग मीच म्हटलं, परत चालू करा, पण थेंब थेंब."

"परत घेतलंस?"

"सगळं. सावकाश."

मला ओरडायचं होतं, पुढच्या वेळी जायचं नाही म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. तिच्याकडे पाहिलं. सुजलेले हात, केस विस्कटलेले, आणि डोळ्यांत ते काहीतरी, जे माझ्या डोळ्यांत पहिला बुडबुडा पाहिला तेव्हा असणार. मी खुर्ची ओढून बसलो.

"आधी कुठे गरम झालं?" मी विचारलं. "मानेवर की हातावर?"

तिने चष्मेवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.

३० सप्टेंबर

दुसरा डोस. आधी इंजेक्शन, मग मंद गतीने. थोडी खाज, बाकी काही नाही.

२८ ऑक्टोबर

खाजही नाही. गुडघा अजून दुखतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं सर्वांत शेवटी ऐकतात.

९ नोव्हेंबर

ताईची पुस्तकं नेली चष्मेवाल्यांकडे. मी आणि ते, एकेक खोकं धरून, दोन गल्ल्या. वाटेत ते दर दहा पावलांवर थांबायचे आणि म्हणायचे, "आपण जरा विसावू." त्यांना दम लागत नव्हता, मला लागत होता. लग्न साधंच होतं, कचेरीत. झाडवालीने साक्षीदार म्हणून सही केली, रबरी बूट घालून.

घरात आता खूप जागा आहे. किती ते बघत बसलो होतो.

२ डिसेंबर

चाचणीचा पहिला टप्पा संपला. सगळ्यांचे आकडे एकत्र करून सांगितले: प्लीहा लहान होतेय, रक्त सुधारतंय. पुरळ आणखी एकाला आलं, तेही मंद गतीने थांबलं. टाक्यांतल्या औषधाइतकंच हे काम करतं असं अजून म्हणता येत नाही, त्यासाठी मोठी चाचणी. लहान मुलांचं त्यानंतर. पण करतं. केसाळ पानात तयार झालेलं माणसाचं एन्झाइम माणसात काम करतं. वहीत लिहिलं: "करतं."

१२ डिसेंबर

आज ताई ग्रीनहाउस बघायला आली. तिचं चाचणीतलं काम संपल्यामुळे परवानगी मिळाली. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, पायांत झाडवालीचे जुने बूट. हळू चालत होती, पण कशाचाही आधार न घेता. ओळीने सगळं पाहिलं. बुडबुडे निघाले तेव्हा तिने काचेला नाक लावलं.

मग म्हणाली, "यात झाडाचा काय फायदा?"

"झाडाचा?" मी म्हटलं. "काहीच नाही."

"पण ते बनवतं तर खरं. त्याच्या अंगात असतं इतके दिवस. त्याचं पुढे काय होतं?"

मी झाडवालीकडे पाहिलं. तिने आधी ट्रेकडे पाहिलं. मग म्हणाली, "आम्ही तोवर कापून टाकतो ना. न कापता ठेवलेलं मी कधी पाहिलेलंच नाही."

"मग ठेवा की दोन-चार," ताई म्हणाली.

ठेवली. मागच्या बंद खोलीत, वेगळी, दारावर पाटी लावून.

३० डिसेंबर

ठेवलेल्या झाडांची बुडवलेली पानं आधी डागाळली, मग पिवळी पडून गळाली. आम्हाला वाटलं झाडंच जातात. पण शेंड्यातून नवी पानं फुटली, आणि आज एकावर कळी आहे, पांढरी, तपकिरी देठाची. उमलण्याआधी ती खुडावी लागेल, अशा झाडांचे परागकण बाहेर जाऊ नयेत म्हणून तसा नियमच आहे, पण आज आहे. नवी पानं दळून तपासली. पट्टी कोरी. एन्झाइमचा मागमूस नाही. जीवाणूने जे काही सांगितलं होतं ते जुन्या पानांबरोबर गळून गेलं, झाड पुन्हा पहिल्यासारखं.

आम्ही दोघं ती कोरी पट्टी बराच वेळ बघत होतो. कोरी पट्टी बघून एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ताईला फोन केला. "आज काय केलंस?" मी विचारलं. तिने सगळं सांगितलं: एका प्रवासवर्णनाची प्रुफं, त्यात नदीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, मग चष्मेवाल्यांशी पडद्याच्या रंगावरून वाद. मग मी तिला झाडांचं सांगितलं.

ती हसली. "बरं केलं त्याने," म्हणाली. "आमचं काम केलं आणि आता आपल्या फुलाच्या मागे लागलंय."

मी फोन घेऊन खिडकीपाशी गेलो.

"आणि तू?" तिने विचारलं. "तुझं काय चाललंय?"

किती वर्षांनी कोणी मला हे विचारलं, आठवेना. मी खरंच विचार केला. मग म्हणालो, उद्या ती कळी खुडायच्या आधी लवकर जाणार आहे, तिला वास येतो का ते बघायला.